पदक बोटांचे, भार मनगटावर

परवा ओपीडीत एक गृहस्थ अकरावीतल्या मुलाला घेऊन आले. मुलाची तक्रार उजव्या हाताला मुंग्या येण्याची होती, वडिलांची वेगळीच. "डॉक्टर, याला जरा समजावून सांगा. रात्ररात्र गेम खेळतो. वर म्हणतो, देशासाठी खेळणार!" मुलगा खाली मान घालून पुटपुटला, "सर, एशियन गेम्समध्ये मेडल असतं याला."

मुलगा खोटे बोलत नव्हता. २०१८ मध्ये जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सचा प्रवेश प्रात्यक्षिक प्रकार म्हणून झाला. तिथे भारताच्या तीर्थ मेहताने 'हार्थस्टोन'मध्ये कांस्य जिंकले, पण ते पदकतालिकेत धरले गेले नाही. २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे मात्र या खेळांना अधिकृत पदके मिळाली, तीही सात प्रकारांत. 'लीग ऑफ लीजेंड्स'चे सुवर्ण दक्षिण कोरियाने जिंकले. त्या पदकामुळे कोरियन खेळाडूंना सक्तीच्या लष्करी सेवेतही सवलत मिळाली. म्हणजे पणाला लागलेले काही थोडेथोडके नव्हते.

डॉक्टर म्हणून माझे लक्ष जाते ते या खेळाडूंच्या शरीराकडे. त्या कोरियन संघातला सर्वांत नावाजलेला खेळाडू ली सांग-ह्योक, म्हणजे 'फेकर'. स्पर्धेच्या दोनच महिने आधी हाताच्या दुखण्यामुळे त्याला आपल्या क्लबच्या सामन्यांतून काही आठवडे बाहेर बसावे लागले होते. वय अवघे सत्तावीस.

दुसरे उदाहरण चीनच्या जिआन झिहाओचे. 'उझी' या नावाने तो ओळखला जातो. जकार्तात सुवर्ण जिंकणाऱ्या चिनी संघात तो होता. दोनच वर्षांनी, तेविसाव्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली. आपल्याला टाइप २ मधुमेह झाल्याचे सांगताना त्याने कारणेही मोकळेपणाने दिली: सततचा ताण, वाढलेले वजन, अवेळी खाणे आणि जागरण.

हे कसे घडते? धावताना किंवा चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. तासन्‌तास बसून राहिले की हे काम मंदावते. सामन्याच्या तणावात अॅड्रिनलिनसारखी संप्रेरके स्रवतात, छाती धडधडते, यकृत रक्तात साखर सोडते. मैदानावरचा खेळाडू ती साखर पळून वापरतो. इथे हलतात फक्त बोटे. त्यात झोप कमी पडली, की इन्सुलिनचा परिणामही कमी होतो. आपण भारतीयांना तर मधुमेह तुलनेने कमी वजनात आणि कमी वयात गाठतो, हे विसरून चालणार नाही.

मनगटाचे गणित वेगळे. तळहाताकडे जाणारी मीडियन नस मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जाते. तिच्या सोबतीला बोटे वाकवणारे नऊ स्नायुबंध असतात. एकच हालचाल हजारो वेळा झाली, मनगट वाकडे राहिले, की बोगद्यात सूज येऊन नस दाबली जाऊ शकते. मग अंगठा आणि शेजारच्या दोन-तीन बोटांना मुंग्या येतात, विशेषतः रात्री. मी त्या मुलाला दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून मनगटे मिनिटभर वाकवून ठेवायला सांगितले. अर्ध्या मिनिटातच त्याच्या उजव्या अंगठ्यात मुंग्या सुरू झाल्या.

हे झाले शरीराचे. वडिलांची भीती होती व्यसनाची. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर'ला आजारांच्या यादीत स्थान दिले आहे. पण नुसते तास मोजून हे निदान होत नाही. खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळच महत्त्वाचा वाटणे आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे, ही लक्षणे साधारण वर्षभर दिसली आणि त्यामुळे अभ्यास, नाती, रोजचे व्यवहार कोलमडले, तरच आजार म्हणायचे. खूप खेळणारे प्रत्येक मूल आजारी नसते. मात्र शाळा सुटली, जेवण-आंघोळ सुटली, मोबाइल काढून घेताच मूल हिंसक होऊ लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये.

त्या मुलाला मी खेळ बंद करायला सांगितले नाही. दुखणे उतरेपर्यंत विश्रांती, रात्री मनगटाला पट्टी आणि नंतर काही नियम, एवढेच सांगितले. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून पाच मिनिटे फिरायचे. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहायचे, कारण पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. रोज तासभर मैदानात घाम गाळायचा. या वयात किमान आठ तास झोप हवीच. अंगठ्याची ताकद कमी वाटली किंवा वस्तू हातातून निसटू लागली, तर लगेच यायचे. दाबलेली नस फार काळ वाट पाहत नाही.

वडिलांचा चेहरा थोडा पडला. माझ्याकडून त्यांना बंदीची चिठ्ठी हवी होती. त्यांना म्हटले, "अनेक व्यावसायिक संघ आता फिजिओथेरपिस्ट ठेवतात, व्यायाम करून घेतात. याला खरेच देशासाठी खेळायचे असेल, तर हेही त्याच्या सरावातच आले. आणि रोज संध्याकाळी तासभर मैदानावर जायलाही तो तयार नसेल, तर त्याला खेळाडू व्हायचे नाही, नुसते खेळत बसायचे आहे. महिनाभरात तुम्हालाच कळेल."

मुलाने पहिल्यांदा मान वर केली आणि विचारले, "सर, ग्राउंडवर सकाळी गेलं तर चालेल?"