लाल, पिवळी, लाल, पिवळी... पुढे काय? कागदाच्या पट्ट्यांतून गणिताची पहिली ओळख

पावसाळ्यात मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रमच्या आसपासची शिवारे पाहिली, तर एक गोष्ट सहज लक्षात येते. सोयाबीनच्या चार ओळी, मग तुरीच्या दोन ओळी, पुन्हा चार, पुन्हा दोन. विदर्भात आंतरपिकाची ही ४:२ पद्धत परिचित आहे. धुऱ्यावर बसलेले चार वर्षांचे मूल हे रोज पाहते. त्याला ‘प्रमाण’ हा शब्द माहीत नसतो, पण काहीतरी पुन्हा पुन्हा येते आहे, हे त्याच्या डोळ्यांना कळते. गणितात यालाच आकृतिबंध म्हणतात.

अंगणवाडी किंवा बालवाडीत हे कळणे पक्के करता येते. त्यासाठी रंगीत कागद, थोडी खळ आणि वीस मिनिटे पुरतात.

आकृतिबंध म्हणजे नेमके काय?

ठरावीक नियमाने येणारी रचना म्हणजे आकृतिबंध. लाल-पिवळी-लाल-पिवळी या माळेत ‘लाल-पिवळी’ हा मूळ गट आहे आणि तोच पुन्हा पुन्हा येतो. रंग सुंदर असणे किंवा काम सुबक दिसणे याचा आकृतिबंधाशी संबंध नाही. पुढे काय येणार हे आधीच सांगता येणे आणि ‘कशावरून?’ याचे उत्तर देता येणे, ही त्याची खरी कसोटी.

याची एवढी गरज काय?

पहिलीत जाण्यापूर्वी अनेक मुले एक ते वीस अंक घडाघडा म्हणतात. पण म्हणणे वेगळे आणि त्यातला नियम कळणे वेगळे. मोजणी हा स्वतःच एक आकृतिबंध आहे, कारण प्रत्येक पुढचा अंक आधीच्यापेक्षा एकने मोठा असतो. दोनचा पाढाही तसाच. मराठी संख्यानामांतही नियम दडलेला आहे. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस ही नावे ‘एक उणे’ या एकाच रीतीने एकोणनव्वदपर्यंत जातात आणि नव्याण्णवला ती रीत मोडते. नियम शोधायची सवय असलेल्या मुलाला पाठांतराचे ओझे कमी वाटते.

या दिशेने संशोधनही झाले आहे. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या बेथनी रिटल-जॉन्सन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कमी उत्पन्न गटातील ५१७ मुलांचा वयाच्या ४ ते ११ वर्षांपर्यंत मागोवा घेतला होता. लहानपणी आकृतिबंध ओळखण्याचे कौशल्य आणि पाचवीतले गणित यांचा संबंध त्यात दिसला. भारतातही पायाभूत स्तराच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात, परिसरातील, आकारांतील आणि संख्यांतील सोपे आकृतिबंध ओळखून ते पुढे वाढवणे ही अपेक्षित क्षमता मानली आहे.

कागदच का?

कागद फाडता, दुमडता, चिकटवता येतो आणि चुकला तर बदलता येतो. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये ब्लँकेनबर्ग येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. त्यांच्या पद्धतीत कागदाच्या घड्या आणि कागदी विणकाम यांना महत्त्वाचे स्थान होते. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने हे काम कोसबाडला बहरले. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे अशा भोवतालच्या वस्तूंतून शिकवण्यावर त्यांचा भर होता. जुन्या कॅलेंडरची पाने आणि लग्नपत्रिका याच परंपरेत बसतात.

चार सोप्या कृती

१. साखळी (वय ३ ते ४). बोटभर रुंदीच्या लाल आणि पिवळ्या पट्ट्या कापाव्यात. ताईंनी लाल-पिवळी असे तीन पूर्ण गट जोडून द्यावेत. एकच जोडी दाखवली तर नियम कळत नाही, कारण ‘लाल, पिवळी’ नंतर निळीही येऊ शकते. मूल पुढची कडी निवडेल तेव्हा विचारावे, ‘हीच का घेतली?’

२. पुरी-वांगे तोरण (वय ४ ते ५). हिवरा आश्रमच्या विवेकानंद जयंती उत्सवातील महाप्रसाद म्हणजे पुरी आणि वांग्याची भाजी. पंगतीत बसलेल्या मुलांना तो चांगलाच ठाऊक असतो. पिवळ्या कागदाच्या गोल पुऱ्या आणि जांभळ्या कागदाची वांगी कापून ‘दोन पुऱ्या, एक वांगे’ असे दोऱ्यावर चिकटवावे. मग मधला एक आकार हाताने झाकून विचारावे, ‘इथे काय लपले आहे?’

३. कागदी शेत (वय ४ ते ६). हिरव्या आणि पिवळ्या पट्ट्या कागदावर उभ्या चिकटवायच्या. लहान मुलांना चार-दोनचा गट एकदम जड जातो. म्हणून दोन ओळी सोयाबीन, एक ओळ तूर येथून सुरुवात करावी. मोठी मुले खऱ्या शेतासारखी ४:२ पेरणी करतील.

४. चटई (वय ५ ते ६). कागदाला समांतर चिरा देऊन त्यांतून पट्ट्या वर-खाली ओवायच्या. पहिली पट्टी वरून सुरू झाली, तर दुसरी खालून सुरू करायची. दुसरीही पहिलीसारखीच ओवली, तर ती पहिलीवर सरकते आणि वीण धरत नाही. चूक कोणी दाखवावी लागत नाही, चटईच ती दाखवते.

तीन वर्षांच्या मुलांना कात्री देऊ नये, त्यांना कागद हाताने फाडू द्यावा. मोठ्यांना गोल टोकाची कात्री द्यावी आणि शेजारी बसावे.

कळले की नाही, हे कसे ओळखायचे?

मूल साधारणपणे सोप्याकडून अवघडाकडे जाते. आधी समोरची रचना तशीच करते, मग पुढे वाढवते, मग गाळलेला भाग भरते, मुद्दाम केलेली चूक पकडते आणि शेवटी स्वतःची रचना करते.

सर्वांत चांगली परीक्षा आवाजाची. लाल म्हणजे टाळी, पिवळी म्हणजे मांडीवर थाप असे ठरवून साखळी ‘वाजवायला’ सांगावी. भजनात टाळ आणि पावली पाहिलेल्या मुलांना यात मजा येते. रंगाचा नियम आवाजात आणता आला, म्हणजे मुलाला रंग नव्हे तर रचना समजली.

कुठे चुकते?

पहिली चूक म्हणजे सगळे मोठ्यांनीच कापून, आखून, चिकटवून घेणे. भिंतीवर तोरण छान दिसते, पण विचार ताईंचा असतो. दुसरी चूक म्हणजे फक्त रंगांची नावे विचारणे. ‘हा कोणता रंग?’ हा आकृतिबंधाचा प्रश्न नाही, ‘पुढे कोणता?’ हा आहे. तिसरी चूक म्हणजे कायम ‘एकाआड एक’ करत राहणे. अशाने प्रत्येक रचना तशीच असते, असे मुलाला वाटू लागते.

चौथी चूक म्हणजे घाईने दुरुस्ती करणे. मुलाने लाल-पिवळीनंतर दोन लाल लावल्या, तर त्या लगेच काढू नयेत. ‘सुरुवातीपासून म्हणून दाखव बरं’ एवढेच सांगावे. बहुतेकदा म्हणता म्हणता मूल स्वतःच अडखळते आणि थांबते. कधी ‘माझा नियमच वेगळा आहे’ असेही सांगते. तो नियम पुढे टिकला, तर उत्तर बरोबर मानावे.

घरी काय करता येईल?

घरी कागद नसला तरी चालतो. ताट-वाटी-ताट-वाटी मांडणे, रांगोळीचे ठिपके, साडीचा काठ, वारलेल्या फरशीवरच्या चौकटी हे सगळे आकृतिबंधच आहेत. शेतातून परतताना आजोबांनी एवढेच विचारले तरी पुरे, ‘सोयाबीन झाले, आता कोणती ओळ येणार, सांग पाहू?’