उतरत्या जमिनीवरची गाणी

मुलांनो, सिनेमा थिएटरातली जमीन उतरती का असते, ठाऊक आहे ना? पुढच्याचं डोकं मागच्याच्या आड येऊ नये म्हणून! पण अशाच उतरत्या जमिनीवर गाण्यांचा एक कारखाना उभा राहिला होता बरं का.

अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात जिम स्टुअर्ट हा बँकेतला नोकरदार हौसेने फिडल वाजवायचा. १९५७ मध्ये त्याने छोटीशी रेकॉर्ड कंपनी काढली. ध्वनिमुद्रणाचं चांगलं यंत्र घ्यायला पैसे कुठले? मग त्याच्या थोरल्या बहिणीने, एस्टेल ॲक्स्टनने, चक्क आपलं घर गहाण टाकलं! १९६० मध्ये दोघांनी एक जुनं थिएटर भाड्याने घेतलं. खुर्च्या काढल्या, जमीन मात्र उतरतीच राहिली. तिथे घुमणारा आवाज हीच पुढे त्यांची ओळख झाली. दोघांच्या आडनावांची सुरुवातीची अक्षरं जुळवून १९६१ मध्ये नाव ठेवलं ‘स्टॅक्स’.

मध्यंतरात जिथे खाऊ मिळायचा, तिथे एस्टेलने रेकॉर्डचं दुकान थाटलं. आसपासची मुलं तिथे गाणी ऐकत रेंगाळायची. त्यांतलाच एक बुकर टी. जोन्स. १९६२ मध्ये, अवघ्या १७व्या वर्षी, त्याने साथीदारांबरोबर ‘ग्रीन अनियन्स’ म्हणजे ‘हिरवे कांदे’ नावाची धून वाजवली आणि ती देशभर गाजली!

त्या काळी मेम्फिसमध्ये गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्यात जागोजागी भेदभाव चाले. एका टेबलावर जेवायचीही चोरी. स्टॅक्सच्या दाराआड मात्र दोघे मांडीला मांडी लावून काम करत. बुकरच्या वाद्यवृंदात पुढे दोन कृष्णवर्णीय, दोन गोरे असे चौघे होते.

मग घाव बसू लागले. १० डिसेंबर १९६७ रोजी स्टॅक्सचा लाडका गायक ओटिस रेडिंग विमान अपघातात गेला. तेव्हा तो फक्त २६ वर्षांचा होता. ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्येच मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. ते उतरले होते त्याच लॉरेन मोटेलमध्ये स्टॅक्सची मंडळी गाणी रचायला बसत. गावातलं वातावरण बिघडलं.

त्याच वर्षी तिसरा घाव बसला, तो कागदाचा! स्टॅक्सच्या रेकॉर्ड देशभर विकायचं काम अटलांटिक ही मोठी कंपनी करी. १९६५ मध्ये लेखी करार झाला, तेव्हा जिमने विश्वासाने, नीट न वाचताच सही केली होती. १९६८ मध्ये दोघे वेगळे झाले आणि कळलं, की अटलांटिकने विकलेल्या सगळ्या गाण्यांची मालकी अटलांटिककडेच! घाम गाळला एकाने, ठेवा गेला दुसऱ्याकडे.

तरीही स्टॅक्सने हाय खाल्ली नाही. नव्याने ढीगभर गाणी काढली. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या मैदानात त्यांच्या जलशाला लाखभर लोक आले. तिकीट फक्त एक डॉलर! पण कर्ज वाढत गेलं, विक्रीची घडी विस्कटली आणि डिसेंबर १९७५ मध्ये दिवाळं निघालं. १९८९ मध्ये इमारतही पाडली.

संपली गोष्ट? छे! २००० मध्ये स्टॅक्सच्या नावाने मुलांसाठी संगीत शाळा निघाली. २००३ मध्ये जुन्या जागेवर संग्रहालय उभं राहिलं. त्यात तो स्टुडिओ पुन्हा बांधलाय आणि जमीन मुद्दाम उतरतीच ठेवलीय!

सही करण्याआधी कागद वाचावा, हे तर लक्षात ठेवाच. पण हेही विसरू नका, की बाहेर भिंती असताना काही माणसांनी आत एकच सूर लावला होता. त्याची मालकी कुठल्याच कागदावर लिहून देता येत नाही.