सुरतेतला मराठी विद्यार्थी आणि फुकटचे विद्यापीठ

नवापूर स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत, हे आपल्याकडे कुणाला नव्याने सांगायला नको. याच मार्गाने खानदेशातली कितीतरी कुटुंबे सुरतेला गेली आणि उधना, लिंबायत भागांत स्थिरावली. त्यांच्या मुलांसाठी सुरत महापालिका मराठी प्राथमिक शाळा चालवते, हे तिच्या लौकिकाला साजेसेच आहे. पण महाविद्यालयाची पायरी चढताच त्या मुलापुढे गुजराती किंवा इंग्रजी, एवढेच पर्याय उरतात.

त्यावर उपाय म्हणून फुकटच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांकडे बोट दाखवले जाते. आयआयटींचे 'एनपीटेल' २००३ चे, केंद्राचे 'स्वयम्' २०१७ चे. शिकायला पैसे नाहीत, शुल्क फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेचे. तरीही नाव नोंदवणारे बहुसंख्य शेवटपर्यंत पोचत नाहीत, हा जगभरचा अनुभव आहे. वर्गातले तासाभराचे व्याख्यान जसेच्या तसे चित्रित केले म्हणजे अभ्यासक्रम झाला, अशी समजूत असेल तर दुसरे काय होणार? बारा तासांची पाळी करून आलेला मुलगा मोबाइलवर दहा मिनिटे जागा राहील, तासभर नाही.

मास्तर समोर नसताना शिकवण्याची विद्या वेगळी, आणि मराठीत ती नवी नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून तीच वाट धरली. धडा वाचून काय जमले पाहिजे हे आधी सांगायचे, मजकूर छोटा ठेवायचा, मध्येच प्रश्न घालून विद्यार्थ्याला स्वतःची परीक्षा घेऊ द्यायची.

नुसत्या भाषांतराने भागत नाही. संख्याशास्त्रातले 'प्रमाण विचलन' घ्या. शब्द मराठी, पण बोध शून्य. त्याऐवजी असे सांगा : एका कारागिराने चार दिवसांत ५०, ५२, ४८ व ५० मीटर कापड विणले, दुसऱ्याने २०, ८०, ३० व ७०. सरासरी दोघांची ५०च. मग शेठ भरवसा कुणावर ठेवील? लिंबायतच्या पोराला उत्तर लगेच सुचेल, आणि व्याख्या नंतर सांगितली तरी चालेल.

असा बदल करायला आडकाठीही नाही. अमेरिकेतल्या एमआयटीने २००१ मध्ये जाहीर केलेले खुले पाठ मूळ श्रेय देऊन, धंदा न करता आणि त्याच अटींवर पुढे खुले ठेवून कुणीही भाषांतरित करावेत, बदलावेत. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग सुरतेत शिक्षक होते. १८४४ मध्ये दुर्गाराम मेहतांसोबत मानवधर्म सभा काढताना त्यांना भाषेची भिंत आड आली नाही. गुजराती शब्दकोश रचणाऱ्या नर्मदांचे नाव आज सुरतच्या विद्यापीठाला आहे. ते विद्यापीठ आणि जळगावचे विद्यापीठ, दोन्ही तापीच्या खोऱ्यातली. दोघांनी मिळून एकच विषय, हवे तर संख्याशास्त्राची पहिली पाच प्रकरणे, मराठी व गुजरातीत करून पाहावीत. छापील प्रती नवापूर, नंदुरबारच्या वाचनालयांतही ठेवाव्यात.