छताखालचं आकाश

लास वेगासमधलं जुनं ‘सँड्स’ हॉटेल १९९६ मध्ये पाडलं गेलं आणि १९९९ मध्ये त्या जागी ‘व्हेनेशियन’ हे कॅसिनो-हॉटेल उभं राहिलं. आत इटलीतल्या व्हेनिसची नक्कल आहे: कालवा, पूल, गाणारे नावाडी आणि छतावर रंगवलेलं निळं आकाश. या आकाशात सूर्य मावळत नाही. मंडळी, मला वाटतं, खरी मेख इथंच आहे. वेळेचं भान सुटलं की पाय बाहेर वळत नाहीत, जुगाराच्या टेबलाकडे वळतात.

तिथलं गणित साधं आहे. नेहमीच्या अमेरिकी रूलेच्या चाकावर १ ते ३६, शून्य आणि दुहेरी शून्य असे ३८ खण असतात. समजा, प्रत्येक खणावर आपण एकेक रुपया लावला. एक खण जिंकणारच! पण बक्षीस पस्तीसपट. म्हणजे ३५ आणि आपला लावलेला १, असे ३६ रुपये हाती येतात. दोन रुपये कॅसिनोचे. यात लबाडी नाही, नुसता नियम आहे. एखाद्या फेरीत कुणी भरपूर जिंकतोही. हजारो फेऱ्यांत मात्र कॅसिनोच जिंकतो.

गोंडोलात जरूर बसावं. तिचं भाडं आधी ठरलेलं असतं. चाकाचं भाडं आपण किती वेळ बसतो, यावर ठरतं.