खेचला, तरी काही झालं नाही!

"मी दहा वर्षं पेन ड्राइव्ह असाच खेचून काढतोय. काही होत नाही हो!" हे वाक्य मी झेरॉक्सच्या दुकानात ऐकलंय, ऑफिसात ऐकलंय आणि कंप्युटर इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याकडूनही ऐकलंय. भाच्याने तर वर शास्त्रही सांगितलं, "मामा, ड्रायव्हर घेतो ना बघून."

ड्रायव्हर, म्हणजे यंत्राशी बोलणारा कंप्युटरमधला प्रोग्रॅम, बघून घेतो, हे खरंच आहे. पण तो नेमकं काय बघतो, याबद्दल सगळा घोळ आहे.

लोकांची कल्पना अशी की पेन ड्राइव्ह निघतोय याची ड्रायव्हरला चाहूल लागते आणि तो घाईघाईने हातातलं काम उरकतो. पण तसं होऊच शकत नाही. नेहमीच्या चपट्या यूएसबी प्लगच्या तोंडात एकदा डोकावून बघा. चार पट्ट्या दिसतील, कडेच्या दोन लांब आणि मधल्या दोन आखूड. कडेच्या विजेच्या, मधल्या डेटाच्या. त्यामुळे लावताना आधी वीज जोडली जाते आणि काढताना आधी डेटा तुटतो. म्हणजे पेन ड्राइव्ह अजून खाचेत असतो, पण बोलणं थांबलेलं असतं. उरकायचं कसं आणि कुणाशी बोलून?

तुटल्याची बातमीही एका दमात पोचत नाही. ती आधी हबला, म्हणजे यूएसबीच्या खाचा सांभाळणाऱ्या भागाला, कळते, मग हबच्या ड्रायव्हरला आणि शेवटी पेन ड्राइव्हच्या ड्रायव्हरला. तोवर हा बिचारा घर सोडून गेलेल्या माणसाला पत्रं टाकत असतो आणि पत्रं परत येत असतात. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, दस्तऐवजांतच लिहिलंय, की हब ड्रायव्हरची आवराआवर सुरू होण्याआधीच्या काळात प्रत्येक मागणीला 'ईप्रोटो'सारखा एरर कोड मिळू शकतो. हाच कोड खराब केबलसाठीही येतो. त्यामुळे केबल बिघडली की यंत्रच गेलं, हे पहिल्या क्षणी ड्रायव्हरलाही सांगता येत नाही.

निरोप पोचला की त्याचं खरं काम सुरू होतं. अडकलेल्या मागण्या रद्द करायच्या, नव्या मागण्यांना 'ईनोडेव्ह', म्हणजे 'असं यंत्रच नाही', असं उत्तर द्यायचं आणि मेमरी मोकळी करायची. यातली मेमरी मोकळी करण्याची पायरी सगळ्यांत नाजूक. एखाद्या प्रोग्रॅमने यंत्र अजून उघडं धरलं असेल, तर त्या यंत्राचा हिशेब ठेवणारी मेमरी प्रोग्रॅम ते सोडेपर्यंत राखावी लागते. ती आधीच सोडली तर कर्नल कोसळू शकतो. चांगला ड्रायव्हर आणि कच्चा ड्रायव्हर यांतला फरक इथे कळतो.

आता मला सांगा, या सगळ्या यादीत तुमची फाइल कुठे आली? कुठेच नाही! ड्रायव्हर वाचवतो तो कंप्युटर. 'काही झालं नाही' ते कंप्युटरला.

फाइल कुठे असते ते बघा. लिनक्सवर कॉपी केलेला डेटा आधी कंप्युटरच्या मेमरीत थांबतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये तो ३० सेकंद जुना झाला की लिहायला घेतला जातो आणि पेन ड्राइव्ह संथ असेल तर लिहून व्हायला आणखी वेळ लागतो. कॉपीची पट्टी मात्र केव्हाच शंभर टक्के झालेली असते. त्या क्षणी खेचलं की उरलेला डेटा लिहायला जागाच राहत नाही. तक्रार तरी कुणाकडे करणार? कॉपी करणारा प्रोग्रॅम फाइल बंद करून घरी गेलेला असतो. फाइल विनातक्रार बंद झाली म्हणजे डेटा डिस्कवर पोचला असं समजू नका, असा इशारा फाइल बंद करणाऱ्या 'क्लोज' या लिनक्सच्या कॉलच्या माहितीपानावरच आहे. शेवटी कर्नलच्या लॉगमध्ये 'लॉस्ट असिंक पेज राइट' अशी एक ओळ पडते. ती कोण वाचतं?

"पण विंडोजमध्ये तसं नाही," भाचा म्हणाला. अर्धं बरोबर. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून अशा ड्राइव्हसाठी 'क्विक रिमूव्हल' ही मूळ सेटिंग झाली आणि लिखाण साठवून ठेवणं बंद झालं. पण लिहिणं चालू असतानाच खेचलं, तर अर्धवट राहायचं ते राहणारच.

आता बाकीचे समज, पटापट.

'हे यंत्र वापरात आहे' असं आलं म्हणजे व्हायरस: नाही. बहुतेकदा एखादी खिडकी किंवा अँटिव्हायरसच फाइल उघडून बसलेला असतो.

दिवा लुकलुकायचा थांबला म्हणजे काम संपलं: लिहायला अजून सुरुवातच झाली नसेल, तरीही दिवा शांतच असतो.

माउसही इजेक्ट करायला हवा: काही गरज नाही, त्याच्याकडे तुमची फाइल नसते.

खेचल्यावर लॉगमध्ये एरर दिसले म्हणजे ड्रायव्हर खराब: उलट, यंत्र गेल्याची नोंद त्याने इमानदारीने केली.

भाच्याला मी एवढंच विचारलं, "दहा वर्षांत खेचल्यावर किती वेळा त्या फाइली दुसऱ्या कंप्युटरवर शेवटपर्यंत उघडून बघितल्यास?" तो गप्प बसला. झेरॉक्सवाल्याकडे मात्र उत्तर तयार होतं. त्याच्याकडे रोज कुणीतरी येतं आणि म्हणतं, "घरी तर उघडत होती हो."