पाण्यावरची सीमा आणि किनाऱ्यावरचा पहारेकरी

भारताच्या भूमीत एका इंचाचीही भर पडलेली नाही. तरीही भारताचा किनारा साडेतीन हजार किलोमीटरांनी लांबला आहे! पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या भूगोलात मुलांनी घोकलेला ७,५१६ किलोमीटरांचा आकडा आता मोडीत निघाला असून, केंद्रीय गृहमंत्रालयाने नव्या मोजणीनंतर ११,०९८ किलोमीटर हा आकडा स्वीकारला आहे. याच मोजणीत महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी सुमारे ८७७ किलोमीटर भरली. समुद्र कोठे मागे हटला नाही, की नवे बेट वर आले नाही. मोजपट्टी तेवढी बारीक झाली. खाडीच्या मुखावरून सरळ रेघ ओढून पुढे जाणारी जुनी मोजणी सोडून नवी मोजणी वळणावळणाने आत शिरली, आणि जो किनारा आपल्या हिशेबातच नव्हता तो हिशेबात आला.

या हिशेबात राज्यकर्त्यांना आणि नागरिकांनाही एक धडा आहे. सीमा जितक्या जवळून पाहावी तितकी ती लांबत जाते. दिल्लीच्या नकाशावर जी एक निळी कड दिसते, तीच रायगड-रत्नागिरीत उतरून पाहिली तर शेकडो खाड्या, धक्के, पुळणी आणि कोळीवाडे होऊन समोर उभी राहते. यांतील प्रत्येक ठिकाण हे राष्ट्राचे एकेक दार आहे. त्या दारांवर पहारा कोणाचा, हाच आजचा खरा प्रश्न आहे.

सीमा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर हिमालयाचा बर्फ येतो, काटेरी तार येते, बंदूक रोखून उभा असलेला जवान येतो. त्या जवानापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु मुंबईकराला सीमेचा अर्थ हिमालयाने शिकविलेला नाही. तो समुद्राने शिकविला आहे. १९९३ च्या आरंभी रायगड जिल्ह्यातील दिघी आणि शेखाडी येथे स्फोटके उतरली आणि १२ मार्च १९९३ रोजी या शहरात २५७ माणसे प्राणास मुकली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कराचीहून निघालेले दहा मारेकरी रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छिमार वस्तीला लागले आणि १६६ निरपराधांचे बळी गेले. पंधरा वर्षांच्या अंतराने एकाच शहरावर, एकाच समुद्रमार्गाने दोनदा घाला पडावा, यापरते दुर्दैव कोणते? किंबहुना त्याला केवळ दुर्दैव म्हणणे हाच दोषींना दिलेला आश्रय होईल.

आजचे युग जागतिकीकरणाचे आहे. देशांच्या भिंती पाडून बाजार एक करण्याचे हे युग आहे असे आपल्याला सांगितले जाते, आणि त्यात तथ्य आहे. भारताच्या परदेशी व्यापाराचा, वजनाच्या हिशेबाने, सुमारे ९५ टक्के भाग समुद्रमार्गे चालतो. १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून आता वर्षाला ६० लाखांहून अधिक कंटेनरांइतकी उलाढाल होते. हे सारे कंटेनर एकेक करून उघडून पाहावयाचे ठरविले, तर आठ दिवसांत बंदर तुंबेल आणि महिन्याभरात कारखाने बंद पडतील. म्हणून जगभरच्या बंदरांप्रमाणे आपल्याकडेही कागद पाहून, संशयाचे प्रमाण ठरवून, निवडक मालच उघडला जातो. यात गैर काही नाही. पण याचा अर्थ असा की, या युगातील सीमा तारेवर नसून कागदावर आहे. आणि कागद खोटा निघाला की सीमा ओलांडली गेली!

गुजरातमधील मुंद्रा बंदरात सप्टेंबर २०२१ मध्ये हेच घडले. अफगाणिस्तानातून इराणच्या बंदर अब्बासमार्गे आलेल्या दोन कंटेनरांत कागदोपत्री टाल्कचे दगड होते. प्रत्यक्षात महसूल गुप्तवार्ता संचालनालयाला त्यांत सुमारे ३,००० किलो हेरॉइन सापडले. ते कोणी अंधाऱ्या रात्री पुळणीवर उतरविले नव्हते. ते राजमार्गाने, भरदिवसा, शिक्क्यामोर्तबासह आले होते. ते पकडले गेले याबद्दल त्या खात्याचे अभिनंदन करावयास हवे. परंतु चोरवाट आणि राजमार्ग यांतील अंतर किती कमी झाले आहे, हेही या प्रकरणाने दाखविले.

मग दारेच बंद करावीत काय? तसे म्हणणारा एक पक्ष आहे. त्याला आम्ही मराठ्यांच्या राजनीतीतील एका जुन्या ग्रंथाची आठवण देऊ इच्छितो. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त सावकार आणि व्यापारी हे राज्याचे भूषण मानले आहेत, परदेशी माल येऊ द्यावा, व्यापाऱ्याला त्रास होऊ देऊ नये, असा त्यांचा कटाक्ष आहे. आणि त्याच प्रकरणात ते बजावतात की, फिरंगी, इंग्रज, वलंदेज हे टोपीकर सामान्य व्यापारी नव्हेत. त्यांच्यामागे त्यांची राजसत्ता उभी आहे. म्हणून त्यांना येऊ-जाऊ द्यावे, पण समुद्रकिनारी कायमचे ठाणे देऊ नये. व्यापार हवा, पण व्यापाऱ्याच्या आडून काय येते याचे भान सुटता कामा नये. तीनशे वर्षांपूर्वीच्या या विवेकात जागतिकीकरणाच्या युगातील सीमानीतीचे सार आले आहे. दार उघडे ठेवणे हा बावळटपणा नव्हे. दारावरचा पहारेकरी झोपू देणे हा बावळटपणा होय.

आणि आपला पहारेकरी झोपला होता, इतकेच म्हणून भागणार नाही; तो विकला गेला होता. १९९३ ची स्फोटके उतरली ती आपल्याजवळ जहाजे नव्हती म्हणून नव्हे. जकात खात्यातील आणि पोलिसांतील काही माणसांनी लाच घेऊन पाठ फिरविली म्हणून ती उतरली. न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले आहे. चांदी उतरत असेल, आपल्याला काय त्याचे, ही वृत्ती एकदा अंगवळणी पडली की चांदीच्या जागी मृत्यू कधी उतरला हे कळतही नाही. राष्ट्रद्रोहाला नेहमीच मोठ्या कटाची गरज नसते. लहानशा लाचेची सवय त्याला पुरते.

२००८ नंतर सरकार जागे झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. खोल समुद्रात नौदल, त्याच्या अलीकडे तटरक्षक दल आणि किनाऱ्यालगतच्या बारा सागरी मैलांत राज्याचे सागरी पोलीस, असा तिहेरी पहारा उभा राहिला. रडार आले, ओळखपत्रे आली. तरीही खलाशांनी ओमानच्या समुद्रात सोडून दिलेले ‘पवित’ हे तेलवाहू जहाज हे तिन्ही पहारे ओलांडून ३१ जुलै २०११ रोजी जुहूच्या वाळूत येऊन रुतले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर कुवेतहून निघालेली एक मासेमारी नौका थेट मुंबईच्या दारात पोहोचली आणि तेथे पोलिसांच्या गस्तीनौकेने तिला अडविले. तीत शस्त्रे नव्हती. तमिळनाडूचे तीन गरीब खलाशी होते. मालकाने वेतन दिले नाही, छळ केला, म्हणून त्याचीच नौका घेऊन मायदेशी पळून आलो, असे त्यांचे म्हणणे होते. जागतिकीकरणाचे दुसरे रूप त्या होडीत बसले होते. माल साऱ्या जगात सन्मानाने फिरतो. श्रमणाऱ्या माणसाला मात्र चोरासारखे घरी परतावे लागते! त्यांच्याविषयी आम्हाला सहानुभूतीच वाटते. परंतु त्यांच्या जागी दुसरे कोणी असते तर, हा विचार मनाचा थरकाप करतो.

यंत्रे हवीत, पण यंत्राला कुतूहल नसते. अनोळखी होडी दिसली की मान वळवून पाहण्याचे कुतूहल समुद्रावर एकाच माणसाला असते. तो म्हणजे कोळी. २६ नोव्हेंबरच्या रात्री किनाऱ्याला लागलेल्या त्या दहा जणांना, तुम्ही कोण, कोठले, म्हणून हटकले ते त्या वस्तीतील मच्छिमारांनीच. त्या कटातील पहिले बळीही मच्छिमारच होते. मारेकऱ्यांनी भर समुद्रात पळविलेल्या ‘कुबेर’ नौकेचे खलाशी आणि तिचा तांडेल यांचे प्राण मुंबईवर पहिली गोळी झडण्यापूर्वीच गेले होते. त्यांची आठवण आपण किती वेळा काढतो?

या माणसाशी आपले वर्तन कसे आहे? कच्छजवळच्या सर क्रीकचा वाद फाळणीपासून भिजत पडला आहे. त्या पाण्यावर कोणी रेघ मारून ठेवलेली नाही. मासळीच्या मागे गेलेली होडी पलीकडे सापडली की पालघर जिल्ह्यातला गरीब खलाशी कराचीच्या तुरुंगात जाऊन पडतो. २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. कोळणींच्या हाती मात्र वर्षानुवर्षे वाट पाहणेच येते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरच्या एकाच समारंभात दोन कार्ये झाली. मासेमारी नौकांवर उपग्रहाशी जोडलेली संदेशयंत्रे बसविण्याच्या, एक लाख नौकांसाठी आखलेल्या योजनेचा आरंभ झाला. आणि ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या वाढवण बंदराची कोनशिलाही बसली. याच बंदरामुळे आपली मासेमारीची जागा जाईल, असा तेथील मच्छिमारांचा आक्रोश आहे. एका हाताने कोळ्याला यंत्र द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने त्याचा समुद्र घ्यावयाचा, तर ते यंत्र घेऊन त्याने जावे कोठे? बंदराला आमचा तत्त्वतः विरोध नाही. राष्ट्राला मोठी बंदरे हवीतच. परंतु सीमेवरचा माणूस उठवून सीमा राखता येत नाही.

येथेही अमात्यच वाट दाखवितात. आरमार हे त्यांनी राज्याचे स्वतंत्र अंग मानले. पण त्याच आरमाराच्या लाकडासाठी रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू देऊ नये, असेही त्यांनी लिहून ठेवले. कारण ती झाडे रयतेने लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे जीर्ण झाड घ्यावयाचेच तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावे. समुद्रावर सत्ता हवी. पण ती किनाऱ्यावरच्या डोळ्यांतील पाण्यावर तरंगू नये!

म्हणून सरकारपुढे आम्ही तीन मागण्या ठेवतो. पहिली ही की, बंदरात आणि किनाऱ्यावर नेमलेल्या माणसांची निष्ठा ही यंत्रखरेदीइतकीच मोलाची मानावी. लाचखोराला तत्काळ शिक्षा आणि प्रामाणिक अधिकाऱ्याला अभय मिळावे. दुसरी ही की, गस्तीनौका केवळ विकत न घेता त्या समुद्रात राहतील अशी इंधनाची, दुरुस्तीची आणि खलाश्यांची तजवीज व्हावी. आणि ते खलाशी कोळीवाड्यांतूनच घ्यावेत. २०१७ च्या ओखी वादळानंतर केरळने मच्छिमार तरुणांना किनाऱ्याच्या पहाऱ्यात सामावून घेतले. महाराष्ट्राला ते अशक्य का असावे? तिसरी ही की, ज्याच्या डोळ्यांवर आपण विसंबतो त्याच्या पोटाचा विचार प्रथम व्हावा. खबर देणाऱ्याचाच दिवस चौकीत बुडणार असेल, आणि त्याचीच जागा विचारल्यावाचून जाणार असेल, तर उद्या तो अनोळखी होडीकडे पाहून मान फिरवील. त्या दिवशी आपली सारी रडारे आंधळी होतील.

किनारा मोजण्याची पट्टी आपण बारीक केली, हे चांगलेच झाले. आता त्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाचे सुखदुःख मोजण्याची पट्टीही तितकीच बारीक करू या. मध्यरात्री कोळीवाड्याच्या धक्क्यावरून ‘कोण आहे रे तिकडे?’ अशी हाक ऐकू येते, तोवरच मुंबईने निर्धास्त झोपावे. ती हाक जिवंत ठेवणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य आहे. ते त्यांनी पार पाडले की नाही, हे विचारण्याचे कर्तव्य आपणा सर्वांचे आहे.