गाठ कापण्यापूर्वी निदान : सार्कोमा या दुर्मिळ कर्करोगाविषयी

कर्करोग म्हटला की तोंड, स्तन, गर्भाशयमुख किंवा फुप्फुस यांचे विकार डोळ्यांपुढे येतात. हे रोग बहुधा अवयवांच्या अस्तरातील पेशींपासून उद्भवतात. परंतु हाडे, स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या आदी आधारभूत ऊतींतही कर्करोग निर्माण होतो. त्यास सार्कोमा म्हणतात. प्रौढांच्या शंभर कर्करोगांमध्ये सार्कोमा सुमारे एकच असतो. मुलांमध्ये हे प्रमाण बरेच अधिक आहे. त्याचे ५० हून अधिक प्रकार ज्ञात आहेत. रोग विरळा असल्यामुळे गावोगावच्या डॉक्टरांच्या पाहण्यात तो क्वचितच येतो आणि साधी गाठ म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते.

लक्षणे

त्वचेखालील बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. मात्र गाठ ५ सेंटिमीटरहून मोठी असेल, सतत वाढत असेल, खोल स्नायूत असेल किंवा काढल्यावर पुन्हा उद्भवली असेल, तर तपासणी अगत्याची ठरते. गाठ दुखत नाही म्हणून निर्धास्त राहणे योग्य नव्हे. मांसल भागातील सार्कोमा प्रारंभी बहुधा दुखत नाही. हाडाचा सार्कोमा मात्र वेदना देतो. वयात येणाऱ्या मुलामुलींत तो विशेषतः गुडघ्याजवळ आढळतो. खेळताना मार लागला असावा, असे समजून अशा सुजेवर मालिश करण्यात मोलाचा वेळ जातो. रात्रीही न थांबणारी वेदना असल्यास क्ष-किरण तपासणी करावी.

प्रथम निदान, मग शस्त्रक्रिया

सार्कोमाभोवती कवच असल्यासारखे दिसते. पण त्या कवचातही रोगपेशी असतात. गाठ तेवढी सोलून काढली, तर त्या मागे राहतात आणि पुढील उपचार अवघड होतो. म्हणून आधी एम.आर.आय. तपासणी व त्यानंतर सुईने तुकडा घेऊन परीक्षण, हाच क्रम योग्य होय. हा रोग प्रामुख्याने फुप्फुसात पसरत असल्याने छातीचे सी.टी. स्कॅनही केले जाते. काही कर्करोग अस्तरपेशींचे असूनही सूक्ष्मदर्शकाखाली सार्कोमासारखे दिसतात. विशेष रंजक चाचण्यांनी त्यांतील भेद ओळखावा लागतो, कारण दोहोंचे उपचार भिन्न आहेत.

उपचार

सभोवतालच्या निरोगी भागासह गाठ काढणे हा मुख्य उपचार होय. आवश्यकतेनुसार किरणोपचारांची जोड दिली जाते. हाडाच्या ऑस्टिओसार्कोमामध्ये पूर्वी पाय कापूनही पाचांपैकी जेमतेम एक रुग्ण वाचत असे. कारण रोगाचे सूक्ष्म कण आधीच फुप्फुसात पोहोचलेले असत. १९७० नंतर केमोथेरपी आली आणि रोग पसरलेला नसल्यास आज शंभरांपैकी ६० ते ७० रुग्ण वाचतात. रोगग्रस्त हाडाच्या जागी धातूचा कृत्रिम सांधा बसवून बहुतेकांचा पायही वाचविता येतो. जठर व आतड्याच्या ‘जिस्ट’ या सार्कोमावर २००१ च्या सुमारास आलेल्या इमॅटिनिब गोळीने असाच पालट घडविला.

मुंबईत परळ येथे १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात या रोगावर शल्यचिकित्सक, किरणोपचारतज्ज्ञ व औषधोपचारतज्ज्ञ एकत्रित विचार करून उपचार ठरवितात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतील अंगीकृत रुग्णालयांतही कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे.

संशयास्पद गाठीवर घाईने केलेली लहानशी शस्त्रक्रिया रुग्णास महाग पडू शकते. तज्ज्ञांकडून वेळेवर झालेले निदान त्याचा पाय आणि प्राण दोन्ही वाचवू शकते.